दोन खोराटे

"आत गेल्यावर मला हाक मारायची नाही," जिन्याच्या पायथ्याशी मी आईला पुन्हा एकदा बजावलं. "मीही तुला आई म्हणणार नाही. तू आधी वर जा. मी पाच मिनिटांनी येते."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? गडहिंग्लजात खोराटे काय आपण एकटेच आहोत?"

आईनं पदर सारखा केला, पिशवी काखेत घट्ट धरली आणि ती जिना चढून गेली. मी खालच्या कापडदुकानासमोर साड्या बघत असल्यासारखी उभी राहिले. पाच मिनिटं मोजून वर गेले, तेव्हा ती पहिल्या रांगेत भिंतीकडेला बसली होती. माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसणार तेवढ्यात तिला आठवण झाली आणि तिनं तोंड फळ्याकडे वळवलं. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

२००८ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी एकोणीस वर्षांची होते आणि आई चाळिशीला आलेली. तिचं शिक्षण लग्नामुळे दहावीवर थांबलं होतं. पण मी बारावीला बसले त्याच वर्षी तिनं बाहेरून फॉर्म भरून बारावी दिली आणि तिला माझ्यापेक्षा चार टक्के जास्त पडले. त्या निकालानंतर गल्लीतल्या बायका जाता-येता मला म्हणायच्या, "काय रेवती, आईनं हरवलं म्हणं तुला!" त्यात गंमत होती, पण मला ती झोंबायची. म्हणून कुरणे सरांच्या क्लासला ऑफिसचा कोर्स करायचा मी ठरवलं आणि आई जेवताना सहज म्हणाली, "मी पण येते," तेव्हा मी हातातला घास परत ताटात ठेवला.

अण्णांना मात्र मजा वाटली. माझे वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. "दोघीबी जावा," ते म्हणाले. "माझा डबा मी भरून घेतो."

कोर्स तीन महिन्यांचा होता. पत्रं टाइप करायची, तक्ते बनवायचे, ई-मेल पाठवायचा, फायली लावायच्या, फोनवर नीट बोलायचं. ऑफिसात पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याला जे जे लागेल ते सगळं. आठ कॉम्प्युटर आणि चौदा विद्यार्थी. माझ्या शेजारी निलोफर मुजावर बसायची. बडबडी, हसरी, दुसऱ्याच दिवशी तिनं मला मैत्रीण करून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला चार ओळींचं पत्र टाइप करायला लावलं.

"आता हे सेव्ह करा आणि बंद करा. कळलं?"

"हो सर," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

"सर, मला न्हाई कळलं," पहिल्या रांगेतून आवाज आला.

"काय नाही कळलं, ताई?"

"सेव्ह केलं म्हंजे ठेवलं, एवढं ध्यानात आलं. पण ठेवलं कुठं? पडद्यावरनं तर गेलं."

"डी ड्राइव्हमध्ये गेलं."

"आणि ते कुठं असतंय?"

वर्गात खसखस पिकली. मागची दोन-तीन पोरं तर तोंडावर हात धरून हसली. मी मान इतकी खाली घातली की कपाळ कीबोर्डला लागायचं बाकी राहिलं. सरांनी टेबलाच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला, कोपऱ्यात धूळ खात पडलेला बंद कॉम्प्युटर उचलून मधोमध आणला आणि त्याचं झाकण उघडलं. आतून त्यांनी जाड पॉकेट डायरीएवढी एक पेटी काढली, तिचेही स्क्रू सोडवले. आत आरशासारखी चकाकणारी एक तबकडी होती.

"ह्यात," सर म्हणाले. "तुमची सगळ्यांची पत्रं अशा तबकडीवर लिहिली जातात."

चौदा डोकी त्या तबकडीवर वाकली. प्रत्येकाला त्यात आपापलं तोंड दिसत होतं.

"आता कळलं," आई म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

"सात वर्षं शिकवतोय," सर झाकण लावता लावता म्हणाले, "हे मला कुणी विचारलं नव्हतं."

निलोफर माझ्या कानाशी लागली. "बरं झालं मावशींनी विचारलं. मला वाटायचं पडद्यातच कुठंतरी मागं राहतंय सगळं."

मलाही तसंच वाटायचं. पण मी 'हो सर' म्हणून मोकळी झाले होते. सर 'कळलं?' म्हणाले की मान हलवायची, ही माझी शाळेपासूनची सवय होती. कळलेलं नसेल ते अंदाजानं उरकायचं. माझा हात वेगानं चालायचा, त्यामुळे बहुतेक वेळा जमूनही जायचं.

त्या दिवसापासून रोज आईचा आवाज यायचा. "सर, मला न्हाई कळलं." कधी तक्त्यातली बेरीज, कधी ई-मेलमधली 'सीसी', कधी प्रिंटरमध्ये कागद उलटा का घालायचा ते. हळूहळू हसणं बंद झालं. पुढे पुढे तर मागची पोरं तिला खुणावायची, "मावशी, हे विचारा की!" मग आई विचारायची आणि सगळेजण कान टवकारून ऐकायचे.

"कुठल्या गं ह्या मावशी?" निलोफरनं एकदा विचारलं. "तुझ्याच आडनावाच्या आहेत."

"असतील कुठल्यातरी," मी म्हणाले.

घरी वेगळंच चाललेलं असायचं. सरांनी आईला एक बिघडलेला कीबोर्ड दिला होता. तो तिनं ओट्यावर कुकरशेजारी ठेवला होता. भात शिजेपर्यंत तिची बोटं त्याच्यावर चालायची आणि ओठ हलायचे. भाजी चिरता चिरता ती मला विचारायची, "रेवा, ते मेल मर्ज परत एकदा सांग."

"किती वेळा सांगू? एक पत्र करायचं. एक नावांची यादी करायची. दोन्ही जोडायचं. मग प्रत्येकाच्या नावाचं पत्र आपोआप तयार होतं."

"पत्राला कसं कळतं कुठलं नाव कुठं बसवायचं?"

ह्याचं उत्तर मला येत नव्हतं. मी चिडून वही उघडली, दोनदा वाचलं आणि मग तिला सांगितलं. सांगता सांगता मलाही ते पहिल्यांदाच धड समजलं. पण तसं मी तिला सांगितलं नाही.

दोन महिने होत आले होते. एक दिवस क्लास सुटल्यावर सरांनी तिघींना थांबवलं. मला, निलोफरला आणि आईला.

"गावात नवी रक्तपेढी निघालीय. डॉक्टर बेळगुद्री मॅडमना ऑफिसात एक माणूस पाहिजे. मी तुमची नावं दिलीत. परवा अकरा वाजता जायचं. जागा एकच आहे."

मी आईकडे बघितलं नाही. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ह्या वेळी ती नाही जिंकणार. टायपिंगमध्ये तर नाहीच. माझ्या निम्मासुद्धा वेग नव्हता तिचा.

रक्तपेढी बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला होती. नवी इमारत, रंगाचा वास अजून गेला नव्हता. बाहेरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडले होते. आम्ही तिघी बाकावर बसलो, निलोफर मध्ये. मॅडमनी एकेकीला आत बोलावलं. निलोफरनंतर माझा नंबर लागला.

डॉक्टर बेळगुद्री पंचावन्नच्या आसपासच्या होत्या. केस आखूड, नजर सरळ. त्यांनी शिक्षण विचारलं, काय काय येतं ते विचारलं. मी पटापट उत्तरं दिली. शेवटी त्यांनी कागदावर नजर टाकली.

"यादीत दोन खोराटे आहेत. नात्यातल्या का?"

दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर आईच्या साडीचा काठ मला दिसत होता.

"नाही," मी म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. "बरं. त्यांना पाठव."

आई आत गेली आणि पाच-सात मिनिटांनी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. ती निलोफरकडे बघून हसली आणि पुन्हा बाकावर बसली.

मग मॅडमनी आम्हाला एकेका कॉम्प्युटरवर बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात हातानं लिहिलेल्या यादीची झेरॉक्स दिली.

"मागच्या रविवारच्या शिबिरात साठ जणांनी रक्त दिलं. प्रत्येकाला आभाराचं पत्र जाईल. त्यात नाव, गाव आणि रक्तगट. तुमच्याकडे एक तास आहे. काही लागलं तर विचारा. कळलं?"

"हो मॅडम," मी आणि निलोफर म्हणालो. आई यादी वाचत होती.

मी कामाला लागले. पत्र दहा मिनिटांत तयार केलं आणि नावं भरायला घेतली. बोटं सरसर चालत होती. बाविसाव्या नावापाशी मी थबकले. दुंडाप्पा हेब्बाळे, नूल. रक्तगट बी, पण पुढचं चिन्ह शाई फिसकटल्यामुळे नीट दिसत नव्हतं. अधिकही असेल, वजाही असेल. पुढे आणखी तीन ठिकाणी तसंच होतं. बहुतेक लोकांचा गट पॉझिटिव्हच असतो एवढं मला माहीत होतं. चारही ठिकाणी मी पॉझिटिव्ह टाइप केलं आणि पुढे गेले.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. आई उठून मॅडमच्या दारात गेली होती.

"मॅडम, हे कळलं न्हाई. हितं अधिक हाय का वजा?"

"तुम्हाला काय वाटतं?" मॅडम म्हणाल्या.

"मला वाटून कसं चालंल? रक्त त्येंचं हाय." आईनं यादीवर बोट ठेवलं. "हितं फोन नंबर लिहिलाय. लावून विचारू का?"

"विचारा की."

फोन आमच्याच खोलीत होता. आईनं नंबर फिरवला, घसा खाकरला आणि क्लासमध्ये शिकवलेल्या पद्धतीनं ताठ बसली.

"हॅलो, दुंडाप्पा हेब्बाळे आहेत का? मी रक्तपेढीतनं शालन खोराटे बोलते."

पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "बोला की बाई!"

"तुमचा रक्तगट कागदावर नीट दिसंना झालाय. बी पॉझिटिव्ह का बी निगेटिव्ह?"

"मला काय ठावं? रक्त तुमी काढलासा, तुमीच सांगा की!"

निलोफर फस्सकन हसली. आत मॅडमही हसल्या. आईलाही हसू आवरेना.

"बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "आमीच बघतो. पण तब्येत बरी हाय न्हवं? रक्त दिल्यावर चक्कर-बिक्कर न्हाई आली?"

"न्हाई न्हाई. झाक हाय. दुसऱ्या दिवशी ऊस तोडला!"

आईनं फोन ठेवला आणि पुन्हा दारात गेली. "मॅडम, ते म्हणत्यात तुमीच सांगा. रक्त तपासलं असंल न्हवं? तपासणाऱ्यांस्नी विचारू?"

"आत उजव्या हाताला लॅब आहे."

आई यादी घेऊन आत गेली. पंधरा मिनिटं आली नाही. मी घड्याळाकडे बघितलं आणि मला बरं वाटलं. तिची वेळ चालली होती. चाळिसाव्या मिनिटाला माझ्या प्रिंटरनं खर्रर्र आवाज केला आणि साठ पत्रं एकामागून एक बाहेर यायला लागली. प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळं गाव. एवढं देखणं काम मी कधी केलं नव्हतं. निलोफरनं त्या चार जागा मोकळ्या सोडल्या होत्या. आई लॅबमधून परत येऊन पुन्हा टाइप करत होती, तिची जीभ दातांत धरलेली. तास संपला तेव्हा तिची एकेचाळीस नावं भरून झाली होती, तेवढीच पत्रं तिनं छापली.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी तिघींच्या पत्रांतून एकेक पत्र शोधून काढलं आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडलं. तिन्ही दुंडाप्पा हेब्बाळेंच्या नावाची. निलोफरच्या पत्रात गटाची जागा कोरी. आईच्या पत्रात बी निगेटिव्ह. माझ्या पत्रात बी पॉझिटिव्ह.

"रेवती, हा पॉझिटिव्ह कुठून आणलास?"

"अंदाजानं, मॅडम."

"दवाखान्यात पुन्हा तपासतात, त्यामुळे कुणाचा जीव जाणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण आमच्या नावानं चुकीचा कागद त्या माणसाच्या घरात गेला असता. मग पुढच्या शिबिराला तो कशाला येईल?"

माझ्या चार अंदाजांपैकी दोन चुकले होते.

"वेग येतो नंतर," मॅडम आईकडे वळून म्हणाल्या. "शालनताई, सोमवारपासून या."

आईनं माझ्याकडे बघितलं. फक्त एकदाच. मग ती म्हणाली, "मॅडम, उद्या सांगितलं तर चालंल?"

"उद्यापर्यंत सांगा."

बाहेर आल्यावर निलोफरनं आईला मिठीच मारली. "मावशी, लई भारी! तो ऊसवाला तर..." आणि ती पुन्हा हसायला लागली. मी चार पावलं पुढे चालत होते. निलोफर तिच्या गल्लीला वळल्यावर आम्ही दोघी राहिलो, पण घर येईपर्यंत मी ते अंतर कमी केलं नाही.

संध्याकाळी अण्णा डेपोतून आले. मोरीत बसून ते हाताचं ग्रीस साबणानं घासत होते आणि आई दारात उभी राहून त्यांना सगळं सांगत होती. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते.

"मी न्हाई म्हणून सांगते उद्या," आई म्हणाली. "रेवाचं वय हाय कामाचं. मी न्हाई म्हटल्यावर तिला घेतील. तिचा हात किती चालतोय, तुमी बघायला पायजे होता."

खरं सांगायचं तर हे ऐकून मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

"तुला त्यांनी का घेतलं?" अण्णांनी विचारलं.

आईनं सांगितलं. दुंडाप्पांचं बोलणं सांगताना ती पुन्हा हसली. अण्णाही हसले. मग त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले.

"डेपोत नवा माणूस आला की मी येवढंच बघतो," ते म्हणाले. "नट किती आवळायचा हे ठावं नसंल तर यिऊन इचारतोय का न्हाई. अंदाजानं आवळणाऱ्याच्या गाडीत मी बसत न्हाई."

ते माझ्याकडे बघून बोलले नव्हते. माझं त्यांनी नावही घेतलं नव्हतं. पण पुस्तकाचं पान मला पुढे उलटता येईना.

सकाळी आई आंघोळीला गेली तेव्हा मी घरातून बाहेर पडले. रक्तपेढीचं शटर नुकतंच वर गेलं होतं. मॅडम पायऱ्यांवरच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला बघून त्यांनी झारी खाली ठेवली.

"मॅडम, काल मी खोटं बोलले. शालन खोराटे माझी आई आहे."

"माहीत आहे."

"तिनं सांगितलं?"

"नाही. मी तिलाही तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, 'ते त्या मुलीलाच विचारा मॅडम. ती सांगंल तेच खरं.'" मॅडम हसल्या. "असं आईशिवाय दुसरं कोण बोलेल? वर म्हणाली, वर्गात ती पोरगी सगळ्यांत हुशार आहे, घेतली तर पस्तावणार नाही तुम्ही."

मी पायऱ्यांकडे बघत उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं तरी कसं हे कळत नव्हतं.

"मॅडम, ती आज नाही म्हणायला येणार आहे. तुम्ही ऐकू नका. तिलाच घ्या."

"आणि तू काय करणार?"

एरवी माझ्याजवळ उत्तर तयार असायचं. काहीतरी ठोकून दिलं असतं, कोल्हापूरला जाणार, बँकेची परीक्षा देणार. पण त्या दिवशी तोंडून निघालं ते वेगळंच.

"मला माहीत नाही, मॅडम."

असं मी कुणासमोर आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते. आभाळ कोसळलं नाही. मॅडमनी झारी उचलली आणि पुढच्या कुंडीत पाणी घातलं.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला माहीत असेल त्याला विचार. कुरणे सरांपासून सुरुवात कर."

मी परत निघाले ती जवळजवळ धावतच. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर समोरून आई येताना दिसली. ठेवणीतली साडी, खांद्याला पिशवी, चेहरा एखाद्या मोठ्या कामाला निघाल्यासारखा. नाही म्हणायला चालली होती, पण तीही नीट तयार होऊन. मधे भाजीच्या गाड्या आणि गर्दी होती. ती मला न बघताच पलीकडच्या बाजूनं पुढे निघाली.

"आई!" मी ओरडले.

ती थांबली नाही. दोन महिन्यांत घराबाहेर तिला तशी हाक मी मारलीच नव्हती.

"अगं आई! शालन खोराटे! थांब!"

आता ती थांबली, आणि तिच्याबरोबर अर्धा रस्ता थांबला. गाडीवर कोथिंबीर निवडणारी बाईसुद्धा. आणि केळीवाल्याजवळ उभी असलेली निलोफर, हातात क्लासची वही, तोंडाचा आ वासलेला.

"आई?" निलोफर म्हणाली. "ह्या? तुझी?"

"हो. माझी आई."

"सख्खी?"

"सख्खी."

निलोफरनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे. "दोन महिने! दोन महिने तू मला 'असतील कुठल्यातरी' म्हणतेस? आणि मावशी, तुम्हीपण?" तिनं वहीनं माझ्या पाठीत एक दणका घातला. "मावशी, हिला घरी नेऊन चांगली बदडा."

आई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"मी मॅडमकडं जाऊन आले. सगळं सांगितलं. सोमवारी तू कामावर जायचंस."

"आणि तू गं?"

"मी सरांना विचारणार आहे पुढं काय करू ते."

"इचारणार?" आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परदेशातून आले होते. "तू?"

"हो, मी. आता चल, लोक बघायला लागलेत."

पुढचं थोडक्यात सांगते. कुरणे सरांनी मला पगारपत्रकं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला सांगितलं. पाच महिन्यांनी मला कोल्हापूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम मिळालं. तिथं पहिल्या आठवड्यात मी माझ्या साहेबांना इतके प्रश्न विचारले की ते वैतागले, आणि वर्षभरानं नव्या माणसांना शिकवायचं काम त्यांनी मलाच दिलं. निलोफर नगरपालिकेत लागली, अजून तिथंच आहे. आईनं रक्तपेढीत चौदा वर्षं काम केलं. तिचा टायपिंगचा वेग माझ्याइतका कधीच झाला नाही. पण आसपासच्या गावांतले रक्त देणारे लोक शिबिराला आले की आधी विचारायचे, "शालनबाई आल्यात का?"

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो सोमवार. सकाळी साडेनऊला आई तयार होऊन दारात उभी राहिली आणि तिथंच थबकली.

"रेवा, मला भ्या वाटतंय गं."

आईला कशाची भीती वाटू शकते हे मला माहीतच नव्हतं. मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाले. वाटेत शेजारच्या सुलाकाकूंनी विचारलं, "दोघी मायलेकी सकाळी सकाळी कुठं?"

"आईला कामावर सोडायला चाललेय," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. काकू बघतच राहिल्या.

रक्तपेढीच्या दारात आईनं माझा हात एकदा दाबला आणि ती आत गेली. मी निघणार होते, पण पाय हलेनात. पुढच्या काचेतून आतलं दिसत होतं. मॅडमनी तिला तिचं टेबल दाखवलं, कसली तरी वही हातात दिली आणि त्या लॅबकडे गेल्या. आई एकटी राहिली. तिनं पिशवी टेबलाखाली ठेवली, खुर्चीवर बसली आणि एकदम दचकली. खुर्ची फिरणारी होती. ती आईला घेऊन भिंतीकडे वळली. आईनं घाईघाईनं टेबल पकडून स्वतःला सरळ केलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खोलीत कुणी नव्हतं.

मग तिनं दोन्ही पाय जमिनीवरून उचलले, टेबलाला हातानं हलकाच रेटा दिला आणि खुर्चीत बसून एक अख्खी गोल चक्कर मारली.